‘जमेल’ म्हणणारी माणसं

आज इथली घड्याळं तासभर मागे गेली. फोनमधलं घड्याळ आपलं आपण सरकतं, पण स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं हाताने फिरवावं लागतं आणि ते मी दरवर्षी विसरते. मग सकाळभर घरात दोन वेळा नांदतात. इरा म्हणते नऊ वाजलेत, भिंत म्हणते दहा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हा अख्खा देश एकमताने उजेड सकाळकडे ढकलतो आणि त्याची वसुली संध्याकाळी होते. काल सहाला मागच्या अंगणातली खुर्ची स्पष्ट दिसत होती, आज पाच वाजून गेले तशी ती विरघळायला लागली.

इथल्या संध्याकाळची सवय व्हायला मला काही वर्षं लागली. तिकडे गावी संध्याकाळ येते आणि जाते. इथली संध्याकाळ निघालेल्या पाहुण्यासारखी दारात उभी राहून बोलत बसते. धड आत येत नाही, धड जातही नाही. ओल्या पानांचा वास, सायकलच्या ओल्या ब्रेकचा कुईऽ आवाज, दुकानांत डिसेंबरातल्या सणाच्या कितीतरी आधीच येऊन पडलेल्या पेपरनोटनच्या, म्हणजे इथल्या मसालेदार चिमुकल्या बिस्किटांच्या पिशव्या. हे सगळं एकत्र आलं की मला नाना आठवतात. खरं तर नाना व्यवस्थित आहेत, रोज फोनवर असतात. आठवतो तो त्यांचा इथला एक हिवाळ्याच्या तोंडचा मुक्काम. दोन वर्षं झाली त्याला.

नाना म्हणजे माझे वडील. पोलीस खात्यातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले त्यालाही बराच काळ लोटला, पण “इकडे या की” म्हटलं की त्यांचं उत्तर तयार असायचं, “रजा कुठंय?” निवृत्त माणसाला कोण रजा नाकारणार, हे विचारायची सोय नव्हती. आई गेली आणि त्यांचं ते उत्तरही गेलं. दिवाळीच्या आधी ते मफलर, कानटोपी आणि चकलीचा डबा घेऊन आइंडहोवनजवळच्या आमच्या या छोट्या शहरात दाखल झाले. माझा नवरा त्या दिवसांत कामासाठी सारखा जर्मनीत, मी कॉम्प्युटरच्या चिपची मशीनं बनवणाऱ्या कारखान्यात कामाचं नियोजन करते, इरा शाळेत. दिवसभर घरात नाना आणि रस्त्याकडची भली मोठी खिडकी.

इथल्या घरांच्या खिडक्या कशा असतात ते वेगळं सांगायला नको. पडदा नाही, आत दिवा, दिव्याखाली टेबल, टेबलाशी माणसं. येणाऱ्या-जाणाऱ्याने पाहावं आणि न पाहिल्यासारखं करावं अशी रीत आहे. नानांनी दोनच दिवसांत ती मोडली. अंधार पडायला लागला की ते घरातले सगळे दिवे मालवायचे, खुर्ची खिडकीशी ओढायचे आणि बसायचे. न हलता. “आजोबा, व्हाय आर यू सिटिंग इन द डार्क?” इराने विचारलं. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत नाहीतर डचमध्ये. नाना म्हणाले, “उजेडात बसलं की बाहेरचं दिसत नाही बाळा. बाहेरच्याला आपण दिसतो. अंधारात बसलं की उलटं.” लेकीच्या गल्लीवर पहारा चालला होता तो.

पण गल्लीला हे कुणी सांगितलं नव्हतं. एका संध्याकाळी मी कारखान्यातून निघताना वस्तीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संदेश पाहिला. आमच्या रस्त्यावर एका अंधाऱ्या घरात एक माणूस कितीतरी वेळ बसून आहे, डोक्याला काहीतरी गुंडाळलेलं आहे, घरची माणसं बाहेर आहेत, कुणीतरी बघा. लिहिणाऱ्या होत्या शेजारच्या टिनीबाई, वय ऐंशीच्या पुढे, नजर घारीची. घराचा नंबर आमचाच. मी पायात होतं नव्हतं तेवढं बळ लावून सायकल हाणली. पोचले तर दारात पोलिसाची सायकल उभी. आत नाना कानटोपीसह सावधान स्थितीत उभे आणि त्यांच्यासमोर एक उंच, गणवेशातली बाई.

ही सास्किया. आमच्या वस्तीची पोलीस. इथे अशा पोलिसाला वाइकआखेंट म्हणतात; एका वस्तीला एक माणूस नेमलेला असतो, त्याने तिथे फिरायचं, लोकांना ओळखायचं, भांडणं मिटवायची आणि अंधाराचे दिवस आले की संध्याकाळी चक्कर मारून कुठलं घर रिकामं दिसतंय ते बघायचं. मी धापा टाकत खुलासा करायला लागले. सास्किया हसत होती. नानांनी तिला दार उघडताक्षणी कडक सॅल्यूट ठोकला होता आणि आपल्याजवळचं होतं नव्हतं तेवढं इंग्रजी खर्चून सांगितलं होतं, “पोलीस. इंडिया. रिटायर.”

दिवे मालवण्याचं कारण मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “बरोबर आहे त्यांचं. मीसुद्धा गाडीत असले की आतला दिवा बंद ठेवते.” हे मी नानांना सांगितलं. त्यांचा चेहरा इतका खुलला की मला जरा हेवाच वाटला. “बीट अंमलदार आहेत बाई,” ते मला म्हणाले, जणू मीच नवखी होते. मग चहा झाला. नानांनी विचारलं, बीट केवढं, साप्ताहिक सुट्टी मिळते का, घरी कोण. मी इकडचं तिकडे करत होते. बीट म्हणजे कालव्याच्या अलीकडचा सगळा भाग. सुट्टी मिळते, बहुतेक वेळा. घरी ती आणि तिचा मुलगा फिन, दोघंच. तिची संध्याकाळची पाळी असली की फिनची आजी येऊन थांबते. “पोरगा केवढा?” इराएवढाच. नानांनी मान हलवली आणि चकलीचा डबा पुढे केला. सास्कियाने एक खाल्ली, मग न विचारता दुसरी घेतली. इतक्या वर्षांत कुणा डच माणसाने आपण होऊन दुसरी घेतलेली मी पाहिली नव्हती.

त्यानंतर तो त्यांचा परिपाठच झाला. संध्याकाळची चक्कर आमच्या रस्त्यावर आली की नाना मफलर गुंडाळून फाटकाशी तयार. ती सायकल हातात धरून चालायची, हे शेजारून, पाठीमागे हात बांधून. कालव्याच्या पुलापर्यंत जायचं आणि परत. भाषा एकही सामाईक नाही. पण अंगणात विसरलेली शिडी दिसली की नाना थांबायचे आणि बोट दाखवायचे. शिडी बाहेर ठेवणं म्हणजे चोराला निमंत्रण, हे दोघांनाही कळत होतं. ती बेल वाजवून घरवाल्याला शिडी आत घ्यायला लावायची आणि हे तिच्यामागे खात्याचा माणूस असल्यासारखे उभे. कधीकधी इरा दुभाषी म्हणून जायची. नानांचं मराठी ऐकायचं आणि डचमध्ये सांगायचं, हे तिला सहज जमायचं, कारण तिला मराठी बोलावं लागत नव्हतं. उलट्या बाजूने यायची वेळ आली की पंचाईत. तरी महिनाभरात ती ‘बीट’, ‘राउंड’ आणि ‘रजा बंद’ हे शब्द असे वापरायला लागली की ऐकणाऱ्याला वाटावं, आमच्या घरात हीच भाषा चालते.

आणि सायकलींचे दिवे! इथे अंधारात दिवा नसलेली सायकल दिसली की पोलीस अडवतात. हे कळल्यावर नाना खुर्चीतून उठून उभेच राहिले. तरुणपणी त्यांनी तालुक्याच्या गावात बिनदिव्याच्या सायकली अडवल्या होत्या, दिवा नसेल तर चाकातली हवा सोडली होती. ते जग कधीच संपलं होतं आणि इथे या परक्या मुलखात ते अगदी तसंच चालू होतं. दुसऱ्या दिवशी मी घरी येते तो काय, कोपऱ्यावर नाना एकटेच, हात वर करून शाळकरी पोरांना थांबवतायत. पोरं थांबत होती! गणवेश नाही, भाषा नाही, डोक्याला कानटोपी, पण हात वर करण्याची ती पद्धतच अशी होती की माणसाचे ब्रेक आपोआप लागावेत. “हवा नाही ना सोडलीत?” मी घाबरून विचारलं. “छे. बाईंचं बीट आहे. त्यांना विचारल्याशिवाय कसं?”

हे सगळं मजेत सांगते आहे, पण त्याच दिवसांत दुसरं काहीतरी चाललं होतं. आमच्या शहरातल्या पोलिसांची संख्या कमी करायचं घाटत होतं. पैसे कमी, नव्याने भरती होणारे कमी. जे निवृत्त होतील त्यांच्या जागा सगळ्या भरता येणार नाहीत, असं वरून कळलेलं. निर्णय वरच होणार होता, पण महापौरांनी ठरवलं की लोकांचं मत कळवायचं. त्यासाठी चिठ्ठ्या टाकून रहिवाशांचं एक मंडळ नेमलं आणि खेमेंतेकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, मला फोन आला की तुमचं नाव निघालंय. माझ्या नशिबात आजवर सोडतीत काही निघालं नव्हतं. निघालं ते हे.

प्रश्न दिसायला साधा होता. कालव्यापलीकडच्या वस्तीचे पोलीस हेंक वर्षअखेर निवृत्त होत होते. त्यांच्या जागी माणूस हवा असेल तर पोलीस चौकीतली तक्रारी ऐकून घ्यायची खिडकी बंद करावी लागणार होती; तिथे बसणारी माणसं फिरतीवर पाठवायची. खिडकी ठेवायची असेल तर हेंकची जागा रिकामी. मी मनात म्हटलं, खिडकी कशाला हवी, तक्रार तर हल्ली ऑनलाइन करता येते. आणि तेव्हाच टिनीबाई कुंपणावरून बोलल्या. मागे त्यांची पर्स चोरीला गेली होती. मुलगा दूर आल्मेरेला. कॉम्प्युटर येत नाही. त्या चालत चौकीत गेल्या, खिडकीतल्या माणसाने त्यांना पाणी दिलं, बसवलं आणि सगळं ऐकून घेतलं. “पर्स मिळाली नाही,” त्या म्हणाल्या, “पण मी घरी आले तेव्हा माझे हात थरथरत नव्हते. ती खिडकी गेली तर मी कुणाच्या तोंडाकडे बघून बोलायचं?”

मग मी माझ्या सवयीचं काम केलं. लॅपटॉप उघडून हिशेब मांडला. कारखान्यात हेच करते मी; किती काम, किती हात, कुठे ताण येतो. आकडे फिरवता फिरवता तिसरी वाट सापडली. खिडकी राहू द्या, हेंकची जागा भरू नका, दोन्ही वस्त्या सास्कियाकडे द्या. चकरा जरा विरळ कराव्या लागतील, पण तास पुरत होते. मी खुशीत नानांना म्हटलं, “हे बघा, बसतंय.” नानांनी चष्मा लावून पडद्याकडे पाहिलं. त्यांना त्यातलं काही वाचता येत नव्हतं. “कागदावर आमचं ठाणं पण बसायचं,” ते म्हणाले आणि खिडकीशी जाऊन बसले.

त्या एका वाक्याने मला सरळ पोलीस लाइनीतल्या आमच्या दोन खोल्यांत नेऊन सोडलं. दिवाळीच्या आधी ठाण्यातून निरोप यायचा, रजा बंद. गणपतीत रजा बंद, निवडणुकीत रजा बंद, मंत्री आले रजा बंद. आमच्या ठाण्यात भरलेल्या जागांपेक्षा रिकाम्या जागांचीच चर्चा जास्त असायची. जो निवृत्त होई त्याचं काम उरलेल्यांत वाटलं जाई, आणि वाटलं जाताना साहेब विचारत, “जमेल ना?” नाना म्हणत, “जमेल.” लाइनीतले सगळेच काका ‘जमेल’ म्हणत. दिवाळीच्या पहाटे सगळ्या गावात अभ्यंगस्नानं चालायची आणि आमच्याकडे नाना बंदोबस्तावरून येऊन गणवेशातच आडवे व्हायचे. आई म्हणायची, आवाज करू नका. आम्ही फटाक्याशिवायची दिवाळी करायचो, बाप झोपलाय म्हणून. फराळाचं ताट तिने झाकून ठेवलेलं असायचं आणि ते उठेपर्यंत चिवडा मऊ पडलेला.

मी त्यांच्याशी बोलत नसे. भांडण नव्हतं काही. ते आत आले की मी उठून उभी राहायचे आणि विषय संपायचा. सहलीचे पैसे हवेत, सही हवी, तर आईला सांगायचं आणि आईने त्यांना सांगायचं. तेही तसंच, “तिला विचार, अभ्यास कसा चाललाय.” मी समोरच उभी असायचे. एका खोलीत दोन माणसं आणि मधे दुभाषी. मला राग यायचा त्यांचा. खात्याचा, साहेबांचा, रिकाम्या जागांचा येण्याइतकी अक्कल नव्हती, म्हणून त्यांचा यायचा. आणि आता आई नव्हती. माझ्याच घरात मी आणि नाना जेवताना समोरासमोर बसायचो आणि इराच्या शाळेबद्दल बोलायचो, कारण इरा मधे होती.

मंडळाची शेवटची बैठक वस्तीच्या सभागृहात होती. बाहेर बारीक पाऊस, आत ओल्या कोटांचा वास, कॉफीचे थर्मास आणि वाटीत पेपरनोटन. नाना ‘बघायला’ म्हणून आले आणि मागच्या खुर्चीत कोट न काढता बसले. टिनीबाई पहिल्या रांगेत. माहिती द्यायला सास्कियाला बोलावलं होतं. मी माझी तिसरी वाट आधीच अध्यक्षबाईंना कळवली होती आणि ती सगळ्यांना फार आवडली होती. इथल्या माणसांना मधली वाट सापडली की जो आनंद होतो तो चेहऱ्यावर दिसतो. खिडकी राहणार, कुणाची नोकरी जाणार नाही, कुणी हरणार नाही. अध्यक्षबाईंनी सास्कियाकडे पाहून विचारलं, “दोन्ही वस्त्या तुम्हांला झेपतील?”

सास्कियाने खिडकीबाहेर पाहिलं. मग हसून म्हणाली, “जमेल.”

सगळी खोली सैलावली. कुणीतरी वाटी पुढे सरकवली. माझ्या मागून नानांचा दबका आवाज आला, “काय म्हणाल्या बाई?”

“जमेल म्हणाल्या.”

“मी पण हेच म्हणायचो,” नाना म्हणाले. “विचारल्यावर दुसरं काय म्हणणार? तिला विचारू नका म्हणावं. तिच्या पोराला विचारा.”

मी वळून पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, आपल्या हातांकडे बघत होते. इतकी वर्षं मला वाटत होतं की आमचं काय चाललंय हे त्यांना माहीतच नाही. त्यांना सगळं माहीत होतं.

मी हात वर केला. माझं डच बैठकीपुरतं ठीक आहे, रडू आवरण्यापुरतं नाही. मी म्हटलं, ही वाट मीच सुचवली होती आणि ती मी मागे घेते. म्हटलं, मागे बसलेत ते माझे वडील, ते पोलीस होते आणि तेही जन्मभर हेच उत्तर देत आले. माणूस कमी केला की काम कमी होत नाही. जास्तीचे तास कुठूनतरी आणावे लागतात. ते आमच्या घरातून आणले गेले होते, आता सास्कियाच्या घरातून येतील. एवढं बोलून मी खाली बसले. अध्यक्षबाई म्हणाल्या, फार सुंदर मांडलंत. इथे ‘सुंदर’ म्हटलं की समजावं, मत बदललेलं नाही. टिनीबाई मागे वळल्या आणि दुखावल्या स्वरात म्हणाल्या, “म्हणजे माझी खिडकी जाऊ दे?” मतदान झालं. मधली वाट मोठ्या बहुमताने पास झाली. सास्कियाच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही. निघताना तिने माझा दंड जरासा दाबला, इतकंच.

घरी परतताना नाना माझ्या शेजारून चालत होते, मी सायकल ढकलत. पुलापाशी आल्यावर ते म्हणाले, “बोललीस ते बरं केलंस.” मग बऱ्याच वेळाने, “तुझी आई कधी बोलली नाही.” मी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं नंतर वाटत राहिलं, पण ती सवय एका रात्रीत कुठून येणार?

डिसेंबरात नाना परत गेले. सास्किया निरोपाला आली आणि तिने त्यांना सायकलचा एक लाल लुकलुकता दिवा भेट दिला. नाना आता सायकल चालवत नाहीत. त्यांनी तो घराच्या फाटकाला बांधलाय आणि व्हिडिओ कॉलवर मुद्दाम दाखवतात.

मधली वाट वरूनही मंजूर झाली. पुढच्या हिवाळ्यात सास्किया दिसायची, पण थांबायची नाही. सायकलवरून हात करायची आणि तोवर तिचा फोन वाजलेला असायचा. चक्कर म्हणावी अशी ती राहिलीच नव्हती. तरी टिनीबाईंची खिडकी चालू होती, त्या समाधानात होत्या आणि मला दर भेटीत केक देत होत्या, म्हणजे त्यांनी मला माफ केलं असावं. यंदाच्या उन्हाळ्यापासून सास्किया दिसेनाशीच झाली. तिच्या जागी अजून कुणी आलेलं नाही.

आज दुपारी सुपरमार्केटमध्ये ती भेटली. साध्या जाकिटात आधी ओळखूच आली नाही. बरोबर फिन, खांद्याला लागलेला, आणि तोंडाची टकळी अखंड चालू. कुठल्याशा खेळातल्या कुठल्याशा राक्षसाबद्दल. सास्किया म्हणाली, तिने वस्तीचं काम सोडलं. आता आइंडहोवनला ऑफिसात असते, दिवसाची वेळ, संध्याकाळी घरी. “वस्तीची आठवण येते,” ती म्हणाली. “वाईटही वाटतं. दोन्हीकडची माणसं एकदम सोडून आले.” मग फिन बिस्किटांच्या फडताळाकडे पळाला तसा तिने आवाज खाली केला. “गेल्या हिवाळ्यात तो माझ्याशी बोलेनासा झाला होता. रागावून नव्हे. त्याला काही सांगायचं असलं की तो माझ्या आईला सांगायचा आणि आई मला. एक दिवस जेवताना माझ्या लक्षात आलं, मी त्याच्या समोर बसले होते आणि तो आजीला म्हणाला, हिला विचार, मीठ हवंय का.” ती हसली, पण डोळे भरले होते. “तुझ्या वडिलांना माझा सॅल्यूट सांग.”

मी घरी आले तेव्हा अंधार पडत होता. टिनीबाईंच्या पलीकडच्या घराचं गॅरेज उघडं, आतली शिडी रस्त्यावरून दिसत होती. पूर्वी कुणीतरी बेल वाजवली असती. मीच वाजवली. माणूस बाहेर आला, आश्चर्याने माझ्याकडे बघत आभार मानून त्याने दार ओढलं. रस्ताभर खिडक्यांतून उजेड होता आणि रस्त्यावर कुणीही नव्हतं. आमची वस्ती हरलीच होती, ते मी नाकारत नाही. मंडळात तोलताना दुसऱ्या पारड्यात सास्कियाचं घर होतं ते कुणी मोजलं नव्हतं, आणि आता दोन्ही वस्त्या पोलिसावाचून रिकाम्या होत्या.

मग नानांना फोन लावला. फाटकावरचा लाल दिवा लुकलुकला, मग नाना दिसले.

“घड्याळ फिरवलंस का भिंतीवरचं?” त्यांनी आधी विचारलं. मग, “बाई दिसतात का बीटवर?”

“नाही नाना. सोडलं त्यांनी. ऑफिसात असतात आता. संध्याकाळी घरी. तुम्हांला सॅल्यूट सांगितलाय.” आणि मग मिठाची गोष्टही सांगितली.

बीट असं रिकामं टाकून जाणं त्यांना पटायचं नाही, आता ऐकवतील, अशी मी तयारी केली.

“आता बोलतो का पोरगा?”

“बोलतो. सारखा बोलतो. गप्पच होत नाही.”

“मग वेळेत गेली घरी,” नाना म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला. घसा खाकरला. आणि जे मला आजवर त्यांनी कधी थेट विचारलं नव्हतं, ते विचारलं.

“आणि तू? तू आज दिवसभर काय काय केलंस, सांग की.”

मी घरातले दिवे मालवले, खुर्ची खिडकीशी ओढली आणि अगदी सकाळपासून सांगायला सुरुवात केली.